‘तात्पुरतं प्रोफाइल’ आलं तेव्हा: दिवाळी अंकाच्या फायली परत मिळवल्या त्याची हकिकत

एखाद्या सकाळी कॉम्प्युटर सुरू केल्यावर डेस्कटॉप कोरा दिसला, डॉक्युमेंट्स रिकामं दिसलं आणि ‘तुमच्या खात्यात साइन इन करता येत नाही’ अशा अर्थाची इंग्रजी सूचना आली, म्हणजे विंडोजने तुम्हाला ‘तात्पुरत्या प्रोफाइल’मध्ये, एका कोऱ्या खात्यात, नेऊन बसवलं, तर बहुतेक वेळा फायली जिथल्या तिथे शाबूत असतात. हरवलेला असतो तो फक्त त्यांच्याकडे नेणारा रस्ता. ९ सप्टेंबर २०२५ च्या सकाळी मला हे ठाऊक नव्हतं. तुमच्यावर ती वेळ आली तर निदान एवढं माहीत असावं, म्हणून हे सगळ्यात आधी लिहून ठेवते.

मी सांगलीत राहते. घरूनच अक्षरजुळणी, मुद्रितशोधन आणि पानं लावायची कामं करते. ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत आमचा हंगाम. त्या वर्षी हातात दोन दिवाळी अंक होते आणि छापखान्याला सप्टेंबरअखेर पानं हवी होती. लेखकांना तपासायला पाठवलेल्या पीडीएफ मेलमध्ये होत्या, पण लावलेली मूळ पानं, दुरुस्त्या केलेले लेख, जाहिरातींची डिझाइनं हे सगळं या एकाच मशीनवर.

८ तारखेला संध्याकाळी काम आटोपून कॉम्प्युटर बंद करायला लावला. विंडोज १० चं अपडेट सुरू झालं, पडद्यावर टक्के सरकत होते आणि लाईट गेली. यूपीएसची बॅटरी म्हातारी झालेली. तिने दोनचार बीप दिले आणि सगळं विझलं.

दुसऱ्या दिवशी पासवर्ड नेहमीसारखा घेतला, पण पुढे बराच वेळ ‘विंडोज तयार होत आहे’ एवढंच. मग जे उघडलं ते माझं वाटेचना. निळं वॉलपेपर, रिसायकल बिन, एज ब्राउझर, बाकी काही नाही. मराठी कीबोर्डसुद्धा गायब. सूचनेत लिहिलं होतं की साइन आउट करून परत आलात तर कदाचित ठीक होईल, पण इथे राहून जे काही कराल ते नष्ट होईल. साइन आउट केलं, परत आले, पुन्हा तेच. पोटात गोळा आला. लेख हरवल्याचं लेखकांना सांगायचं कसं, एवढंच डोक्यात फिरत होतं. काहींनी हाताने लिहून दिलेले लेख टाइप करून घेतले होते आणि मूळ कागद परत दिले होते.

दुपारी सीपीयू उचलून एका दुरुस्तीच्या दुकानात नेला. त्यांनी पाच मिनिटं पाहिलं. ‘प्रोफाइल करप्ट आहे, फॉरमॅट मारावं लागेल, ७०० रुपये, संध्याकाळी घेऊन जा.’ सोबत एक छापील जॉबशीट, त्यावर खाली बारीक अक्षरात डेटाची जबाबदारी दुकानाची नाही असं कलम आणि सहीसाठी रेघ. सही करण्याआधी विचारलं, ‘आधी फायली काढून देता येतील का?’ तर म्हणाले, ‘बघू, मिळाल्या तर देऊ.’ मी मशीन परत आणलं. पुण्यातल्या डेटा रिकव्हरी करणाऱ्या एका ठिकाणी फोन केला. त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फॉर्म पाठवला: डिस्कची कंपनी, क्षमता, काय घडलं, कोणत्या फायली हव्यात. तपासणीचे पैसे वेगळे, काम ८,००० रुपयांपासून पुढे, डिस्क कुरियरने पाठवायची, तपासणी व्हायलाच आठवडा. तेही थांबवलं. डिस्क खरोखर बिघडली असेल तर हाच रस्ता योग्य आहे, पण तसं झालंय की नाही हेच अजून कळलं नव्हतं.

रात्री भाच्याला फोन लावला. तो पुण्यात आयटीत आहे. त्याचं पहिलं वाक्य, ‘मावशी, त्या खात्यात काहीही सेव्ह करू नकोस. मेलमधून काही उतरवूही नकोस.’ त्याच दिवशी एका लेखिकेने सुधारित लेख पाठवला होता आणि मी तो डाउनलोड करणारच होते. तात्पुरत्या प्रोफाइलचं फोल्डर साइन आउट होताच पुसलं जातं, लेख त्याच्यासोबत गेला असता.

मग म्हणाला, ‘सी ड्राइव्ह उघड. त्यात यूजर्स नावाचं फोल्डर आहे. आत काय काय दिसतं?’

आत पब्लिक होतं, टेम्प होतं आणि माझ्या नावाचंही होतं.

‘तुझ्या नावाच्या फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघ. आकडा किती येतो?’

आकडा वाढत वाढत १४३ जीबीवर थांबला. त्या आकड्याकडे बघून मला रडू आलं. (तुमचं खातं मायक्रोसॉफ्टच्या मेल आयडीवर असेल तर या फोल्डरचं नाव बहुधा मेलच्या पहिल्या पाच अक्षरांचं असतं, त्यामुळे ‘हे कुणाचं?’ असं वाटून गोंधळू नका.)

झालं काय होतं, ते त्याने समजावलं तसं सांगते. प्रत्येक खात्याच्या फोल्डरमध्ये ‘एनटीयूझर डॉट डॅट’ नावाची एक लपवलेली फाइल असते. तुमची भाषा, कीबोर्ड, वॉलपेपर, प्रोग्रॅमांच्या आवडीनिवडी, अशी त्या खात्याची सगळी रजिस्ट्री तिच्यात असते. साइन इन करताना विंडोज ती उघडतं, बंद करताना तिच्यात लिहितं. लिहिता लिहिता वीज गेली आणि फाइल अर्धवट राहिली, तर पुढच्या वेळी ती उघडत नाही. मग विंडोज तुम्हाला एका कोऱ्या, तात्पुरत्या खात्यात नेऊन बसवतं. लेख, फोटो, पानं या फायलींचा या बिघाडाशी संबंधच नसतो. एक फाइल नासली म्हणून सगळी डिस्क फॉरमॅट करायची काहीच गरज नव्हती.

आणि माझ्या मशीनमध्ये २५६ जीबीची एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) आहे, त्यामुळे फॉरमॅट जास्तच धोक्याचं होतं. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर फॉरमॅटनंतरही बऱ्याच फायली खणून काढता येतात. एसएसडीत ट्रिम नावाची सोय असते. फॉरमॅट केलं की ‘या जागा आता मोकळ्या’ असा निरोप डिस्कला जातो आणि ती त्या जागा खरोखर रिकाम्या करून टाकते. नंतर कोणतंही सॉफ्टवेअर लावा, हाती काही लागत नाही. म्हणून दुकानात ‘फॉरमॅट मारून मग रिकव्हर करू’ असं कुणी म्हणालं, तर मशीन उचलून सरळ घरी या.

१० तारखेला १ टीबीची बाहेरची हार्ड डिस्क आणली, ४,८०० रुपये. या सगळ्या प्रकरणातला हा सगळ्यात मोठा खर्च आणि सगळ्यात शहाणा. आधी क्रिस्टलडिस्कइन्फो या फुकटच्या सॉफ्टवेअरने आतली एसएसडी तपासली. निळ्या चौकटीत ‘गुड’ आलं. तिथे पिवळं किंवा लाल दिसलं, किंवा फिरत्या डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर पुढचं काही घरी करू नका. मशीन बंद करा आणि रिकव्हरीवाल्यांना फोन करा.

नेहमीसारखं कॉपी-पेस्ट केलं तर ते मध्येच अडकलं. कारण या फोल्डरच्या पोटात काही फसवे शॉर्टकट असतात. ते पुन्हा त्याच फोल्डरांकडे बोट दाखवतात, त्यामुळे कॉपी गोल गोल फिरत राहू शकते. भाच्याने विंडोजमध्येच असलेलं रोबोकॉपी वापरायला सांगितलं. कमांड प्रॉम्प्ट ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडायचा आणि रोबोकॉपी, जुन्या फोल्डरचा पत्ता, नव्या जागेचा पत्ता असं लिहून पुढे तिरक्या रेघेने चार सूचना जोडायच्या: ‘ई’ म्हणजे आतली सगळी फोल्डर घे, ‘एक्सजे’ म्हणजे ते फसवे शॉर्टकट वगळ, ‘आर’, कोलन (:) आणि १ म्हणजे न जमलेली फाइल एकदाच पुन्हा बघ, ‘डब्ल्यू’, कोलन आणि १ म्हणजे त्याआधी एकच सेकंद थांब. शेवटच्या दोन्ही विसरू नका. त्या नसतील तर रोबोकॉपी एका अडेल फाइलसाठी दहा लाख वेळा, दर वेळी तीस सेकंद थांबून, प्रयत्न करत बसतं.

दुपारी लावलेलं काम रात्री जेवणं झाल्यावर संपलं. शेवटी एक तक्ता येतो, त्यातला ‘फेल्ड’चा रकाना वाचा. माझ्या न आलेल्या फायली ब्राउझरच्या तात्पुरत्या साठ्यातल्या होत्या, कामाची एकही नव्हती.

खात्री करायला डिस्क नवऱ्याच्या लॅपटॉपला लावली आणि अंकातला एक लेख उघडला. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं, डॅश यांची खिचडी. एकही शब्द वाचता येईना. दुसरा उघडला, तोही तसाच. रात्रीचे अकरा वाजले होते. सकाळपासून आलेला धीर तिथे खचला. फायली मिळाल्या पण आतला मजकूर गेला, असंच मी धरून चालले.

आमच्या धंद्यातल्यांनी हा भाग नीट वाचा. युनिकोडच्या आधीचे जे मराठी फॉन्ट आपण अजून वापरतो, त्यांत देवनागरी अक्षरांची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. फाइलमध्ये खरोखर साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच. फॉन्ट आहे तोवर मराठी दिसतं, नाही तर खिचडी. म्हणजे मजकूर शाबूत होता, लॅपटॉपवर फॉन्ट नव्हता इतकंच. हे मला माहीत असायला काहीच हरकत नव्हती, वर्षानुवर्षं हेच काम करते. पण घाबरलेल्या माणसाला माहीत असलेलंही सुचत नाही. सकाळी भाच्याने आठवण करून दिली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

मग प्रश्न असा की फॉन्ट आहेत कुठे? विंडोजच्या मुख्य फॉन्ट्स फोल्डरमध्ये निम्मेच सापडले. २०१८ च्या शेवटी आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून फॉन्टवर डबल क्लिक करून इन्स्टॉल म्हटलं की तो फक्त तुमच्या खात्यापुरता बसतो. तो जातो तुमच्या फोल्डरमधल्या अ‍ॅपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स या वाटेवर. अ‍ॅपडेटा लपवलेलं असतं, एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये ‘हिडन आयटम्स’वर खूण केल्याशिवाय दिसत नाही. त्या आडबाजूच्या फोल्डरमध्ये माझे उरलेले सगळे फॉन्ट होते. काही छापखान्यांनी दिलेले, काही आता कुठे विकतही न मिळणारे. आधी फॉरमॅट झालं असतं आणि कुणी फक्त डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप वाचवून दिलं असतं, तर लेख असूनही वाचता आले नसते.

फायली सुरक्षित झाल्यावर दुरुस्तीला हात घातला. हा क्रम बदलू नका. आधी डिस्कवरच्या चुका शोधणारं चेकडिस्क, तेही सी ड्राइव्हवर चूकदुरुस्तीची ‘एफ’ सूचना देऊन. चालू ड्राइव्हवर ते लगेच होत नाही, पुढच्या वेळी सुरू होताना करू का विचारतं, तिथे वाय दाबायचं. मग विंडोजच्या स्वतःच्या फायली तपासणारं डिझम, ज्याला इंटरनेट लागतं आणि जे ६२ टक्क्यांच्या आसपास इतका वेळ थांबतं की बंद पडलंय असं वाटतं. बंद करू नका, थांबा. त्यानंतर बिघडलेल्या सिस्टम फायली दुरुस्त करणारं एसएफसी. काही फायली दुरुस्त केल्याचं त्याने सांगितलं, पण माझं खातं तसंच.

पुढे सेटिंग्जमधून एक नवं लोकल खातं केलं आणि त्याला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा अधिकार दिला. मायक्रोसॉफ्टचा मेल मागतो तिथे ‘या व्यक्तीची माहिती माझ्याकडे नाही’ हा पर्याय निवडला की पुढे मेलशिवाय खातं करण्याचा दुवा येतो. नव्या खात्यातून रजिस्ट्री एडिटर उघडला. त्यात लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंट व्हर्जन, प्रोफाइल लिस्ट अशी वाट आहे. तिथे प्रत्येक खात्याची ‘एस-१-५-२१’ने सुरू होणारी लांबलचक नोंद असते. माझ्या खात्याच्या दोन नोंदी होत्या, एक साधी आणि एक शेवटी ‘डॉट बॅक’ असलेली. कोणती माझी, हे आतल्या ‘प्रोफाइल इमेज पाथ’वरून कळतं. बॅकवालीत माझ्या फोल्डरचा पत्ता होता, साधीत टेम्पचा. उपाय असा की साधीच्या नावापुढे ‘डॉट ओल्ड’ जोडायचं, दुसरीचं ‘डॉट बॅक’ काढायचं, तिच्यातली ‘स्टेट’ आणि असली तर ‘रेफ काउंट’ ही मूल्यं शून्य करायची आणि मशीन रीस्टार्ट करायचं. हात लावण्याआधी प्रोफाइल लिस्टवर राइट क्लिक करून एक्स्पोर्ट करून ठेवा. बऱ्याच जणांचं काम इथेच होतं आणि जुनं खातं जसंच्या तसं उघडतं.

माझं नाही उघडलं. पुन्हा तोच कोरा डेस्कटॉप. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या घडामोडींच्या नोंदवहीत, विंडोज लॉग्ज, त्यात अ‍ॅप्लिकेशन, तिथे १५०८, १५१५ आणि १५११ या क्रमांकांच्या नोंदी होत्या. १५११ म्हणजे तात्पुरतं प्रोफाइल दिलं, १५१५ म्हणजे जुन्याची नोंद बाजूला ठेवली. १५०८ मध्ये स्पष्ट लिहिलं होतं की एनटीयूझर डॉट डॅटची रजिस्ट्री करप्ट आहे. तुमच्याकडे फक्त १५११ आणि १५१५ असतील तर रजिस्ट्रीच्या उपायाला आशा आहे. १५०८ आणि करप्ट हा शब्द दिसला, तर नव्या खात्यात संसार हलवणं हाच मार्ग. मशीन आधीच्या स्थितीत परत नेणारं सिस्टम रिस्टोअरही पाहिलं, पण माझ्याकडे ते बंदच होतं, एकही रिस्टोअर पॉइंट नव्हता.

१३ तारखेच्या शनिवारी हलवाहलव केली. पितृपक्ष चालू होता, सासऱ्यांची तिथी त्याच आठवड्यात, त्यामुळे स्वयंपाकघर आणि कॉम्प्युटर अशा खेपा चालल्या होत्या. डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, पिक्चर्स, डाउनलोड्स बाहेरच्या डिस्कवरून सरळ कॉपी केली. कॉपीच करा, जुन्या फोल्डरातून कट-पेस्ट नको. एकाच ड्राइव्हवर फायली हलवल्या तर जुन्या खात्याच्या परवानग्या त्यांना चिकटून येतात आणि पुढे ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ सुरू होतं. ‘एनटीयूझर’ने सुरू होणाऱ्या लपवलेल्या फायली मात्र आणायच्या नाहीत, तोच तर रोग आहे. अ‍ॅपडेटाही अख्खं उचलायचं नाही, हवं तेवढंच निवडायचं.

फॉन्ट निवडून राइट क्लिक केलं आणि ‘इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स’ घेतलं, म्हणजे आता ते खात्यावर अवलंबून नाहीत. अंकाचं पहिलं पान उघडलं आणि अनुक्रमणिका मराठीत दिसली. नवऱ्याला हाक मारून दाखवली.

वर्डचा शब्दसाठा मला फॉन्टइतकाच मोलाचा होता. काम करताना ‘अ‍ॅड टु डिक्शनरी’ म्हणून जे शब्द भरतो ते ‘कस्टम डॉट डिक’ या फाइलमध्ये साठतात, अ‍ॅपडेटा, रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, यूप्रूफ या वाटेवर. गावांची नावं, आडनावं, बोलीतले शब्द, जुन्या लेखकांची लेखनपद्धती, असे कित्येक वर्षांचे शब्द त्यात होते. वर्ड बंद करून ती फाइल नव्या खात्यात त्याच जागी ठेवली. ऑटोकरेक्टच्या जोड्या शेजारच्या ऑफिस फोल्डरमध्ये ‘एसीएल’ फायलींत असतात, तर माझ्या शैली ठरवलेली ‘नॉर्मल डॉट डॉटएम’ टेम्प्लेट्स फोल्डरमध्ये. स्टिकी नोट्समध्ये जाहिरातदारांचे निरोप लिहिलेले होते. ते ‘प्लम डॉट एसक्यूलाइट’ नावाच्या फाइलमध्ये सापडले. नव्या खात्यात स्टिकी नोट्स एकदा उघडून बंद केलं, मग फाइल जागी ठेवली, नोट्स परत दिसल्या.

क्रोमचे बुकमार्क आले, पासवर्ड नाही आले. विंडोज ते त्या खात्याशी बांधलेल्या किल्लीने कुलूपबंद करतं, नुसती फाइल उचलून दुसऱ्या खात्यात उघडत नाहीत. गुगल खात्याशी सिंक केलेले असतील तर आपोआप परत येतात, माझे नव्हते. वीजबिल, गॅस, कुरियर, छापखान्याचं पोर्टल, सगळीकडे ‘फरगॉट पासवर्ड’ करत रविवार गेला. व्हॉट्सअ‍ॅप फोनवरून पुन्हा जोडावं लागलं. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड भाषेच्या सेटिंगमधून पुन्हा घेतला. लॅपटॉपवाल्यांसाठी एक जोड: डिस्क एन्क्रिप्ट (कुलूपबंद) असेल तर रिकव्हरी मोडमध्ये बिटलॉकर या विंडोजच्या कुलपाची ४८ अंकी की मागितली जाते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्याच्या पानावर असते. मशीन धड आहे तोवर कागदावर उतरवून ठेवा.

पानं २७ सप्टेंबरला छापखान्यात गेली. यूपीएसची बॅटरी बदलली, १,१०० रुपये. मशीनमध्ये एक जादा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खातं करून ठेवलंय, एरवी ते उघडत नाही, पण मुख्य खातं अडलं तर आत शिरायला दार हवं. फाइल हिस्टरी, म्हणजे विंडोजमधलीच बॅकअपची सोय, त्या बाहेरच्या डिस्कवर लावली आहे. ती अ‍ॅपडेटा अख्खं घेत नाही, म्हणून तेवढ्यासाठी भाच्याने रोबोकॉपीची एक छोटी बॅच फाइल (आज्ञा लिहून ठेवलेली फाइल) करून दिली. दर शनिवारी डिस्क जोडते, तिच्यावर डबल क्लिक करते आणि झालं की डिस्क काढून कपाटात ठेवते.

जुनं खातं लगेच काढलं नाही. काहीतरी राहिलं असेल या धास्तीने दिवाळी होईपर्यंत ठेवलं, आणि खरंच एका लेखकाचा फोटो त्यातून काढावा लागला. काढताना एक्सप्लोररमधून फोल्डर डिलीट करू नका. रजिस्ट्रीतली नोंद मागे राहते आणि त्या खात्यात पुन्हा गेलात तर परत तात्पुरतं प्रोफाइल पुढ्यात येतं. सिस्टम प्रॉपर्टीजमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड, मग यूजर प्रोफाइल्सच्या चौकटीतलं सेटिंग्ज, तिथे जुनं नाव निवडून डिलीट. फोल्डर आणि नोंद दोन्ही एकदम जातात. माझी तर अडकून पडलेली १४३ जीबी जागा मोकळी झाली.